नवी गाडी फटाके मारते, सिग्नलला बंद पडते: पगारातून पैसे कापू देण्याआधी हे बघा

(दुबईतल्या एका कामगार वस्तीत, डिलिव्हरीचं काम करणाऱ्या मराठी मुलांसमोर सुट्टीच्या संध्याकाळी केलेलं हे बोलणं. बरंचसं बोलल्याप्रमाणेच ठेवलं आहे.)

मंडळी, मागे उभे आहात ते पुढे येऊन बसा. मला माईकची सवय नाही. मी चिपळूणचा. बावीस वर्षं झाली इथे, त्यातली जास्त शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात गॅरेजमध्ये गेली. भाषण मला येत नाही, गाडी येते. तेव्हा गाडीबद्दलच बोलतो.

तुमच्यातल्या चार-पाच जणांनी मला एकच गोष्ट सांगितली. गाडी नवी, महिना-दीड महिना झाला. एक्सलेटर सोडला की सायलेंसरमधून फट फट आवाज येतो. सिग्नलला उभी केली की इंजिन आचके देतं, कधी बंदच पडतं. सुपरवायझरला सांगितलं की तो म्हणतो, तू गाडी नीट चालवत नाहीस. आणि महिनाअखेरीला पगारातून पैसे गेलेले असतात.

आमच्या खोलीत जत तालुक्यातला एक मुलगा आहे, त्याचंच सांगतो. नाव नको. गाडी मिळून २६ दिवस झाले होते आणि मीटरवर ४,१०० किलोमीटर. दुपारी एका चौकात लाल दिव्याला उभा होता, हिरवा लागला, क्लच सोडला आणि इंजिन बंद. मागून पिकअप आली. ड्रायव्हरने ब्रेक दाबला म्हणून पोरगं वाचलं. रात्री खोलीवर आला तेव्हा हात थरथरत होते. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गाडी गेली, आणि कागदावर लिहून आलं की रायडरच्या निष्काळजीपणामुळे बिघाड. ८५० दिरहम कापले.

आता बघा, इथला कायदा काय म्हणतो. २०२१ चा कामगार कायदा, क्रमांक ३३, त्याचं २५ वं कलम. मालकाला पगारातून मनाला येईल ते कापता येत नाही. कापायची कारणं ठरलेली आहेत. त्यातलं एक असं आहे की कामगाराच्या चुकीमुळे, किंवा त्याने सूचना मोडल्यामुळे, मालकाच्या सामानाचं, यंत्राचं नुकसान झालं तर भरपाई कापता येते. ती सुद्धा महिन्याला पाच दिवसांच्या पगारापेक्षा जास्त नाही, जास्त हवी असेल तर कोर्टाची मंजुरी लागते. १,८०० दिरहम पगार धरा. दिवसाचे ६०, पाच दिवसांचे ३००. एका महिन्यात ८५० कुठून आले?

पण माझा मुद्दा आकड्याच्याही आधीचा आहे. कायद्यात शब्द आहे ‘चूक’. चूक कोणाची हे ठरवायचं तर बिघाड कशाचा आहे हे आधी कळलं पाहिजे. आणि ते तुम्हाला कळत नसेल, तर समोरचा जे लिहील ते खरं. म्हणून आज इंजिन समजून घ्या. पाना धरायला शिकवत नाही, बघायला आणि ऐकायला शिकवतो.

आधी फटाका. तो का वाजतो? इंजिनात न जळलेलं पेट्रोल सायलेंसरच्या पाइपात जातं, तिथे त्याला गरम पाइप आणि ताजी हवा मिळते, आणि ते तिथेच पेटतं. एवढंच आहे ते. तुम्ही एक्सलेटर एकदम सोडता तेव्हा आत येणारी हवा आणि पेट्रोल इतकं कमी होतं की ते नीट पेट घेत नाही, काही तसंच बाहेर जातं. आताच्या बऱ्याच गाड्यांत धूर कमी व्हावा म्हणून एक नळी मुद्दाम थोडी ताजी हवा सायलेंसरच्या वाटेत सोडते. त्यामुळे उतारावर, गियरमध्ये एक्सलेटर सोडला की बारीक फट फट आली तर घाबरू नका. ती बहुतेक गाड्यांत थोडीफार असते. काळजी कधी करायची? आवाज मोठा असेल, रोज वाढत असेल, किंवा त्याच्या जोडीला गाडी स्लोला राहत नसेल तर. फटाका आणि आचके दोन्ही एकत्र आले की आत काहीतरी आहे.

पहिला संशय कुठे घ्यायचा? जोडांवर. इंजिनातून सायलेंसरचा पाइप जिथे बाहेर येतो तिथे दोन नट असतात आणि आत गोल पॅकिंग. नवी गाडी तापते, थंड होते, परत तापते, आणि ते नट थोडे ढिले होतात. तुम्ही दिवसाला दीडशे-दोनशे किलोमीटर चालवता, तुमच्या गाडीवर हे लवकर होतं. तिथून हवा आत ओढली जाते आणि फटाका वाजतो. ओळखायचं कसं? सकाळी गाडी थंड असताना जोडाजवळ बघा. काळी काजळी, धुराची रेघ दिसली तर तिथे गळती आहे. काजळी दिसत नसेल तर साबणाचं पाणी ब्रशने लावा आणि लगेच चालू करा. पाइप तापायच्या आत बुडबुडे आले तर समजा. थंड गाडीवरच करायचं. तापलेल्या पाइपावर हात गेला तर महिनाभर ग्लोव्ह घालता येणार नाही, आणि तुमच्या कामाला ग्लोव्ह लागतोच.

दुसरा जोड आत येणाऱ्या हवेचा. कार्बोरेटर आणि इंजिनच्या मध्ये रबराचा तुकडा असतो, फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत कार्बोरेटरच्या जागी थ्रॉटल बॉडी. त्या रबराला क्लॅम्प असतो. क्लॅम्प ढिला, किंवा रबराला चीर, किंवा शेजारची बारीक नळी निघालेली, की तिथून जादा हवा घुसते. हवा जास्त, पेट्रोल कमी. मेकॅनिक लोक त्याला ‘मिक्स्चर लीन’ म्हणतात. अशी गाडी कशी वागते? एक्सलेटर सोडला तरी रेस लगेच खाली येत नाही, वर अडकते, मग एकदम पडते आणि गाडी बंद. हे लक्षण दिसलं तर स्प्रेच्या बाटलीत साधं पाणी घ्या, गाडी स्लोला ठेवा आणि त्या रबरावर थोडं मारा. आवाज बदलला, म्हणजे तिथून हवा जाते. काही मुलं हेच काम पेट्रोलने किंवा क्लीनरच्या स्प्रेने करतात. अजिबात करू नका. बाजूला तापलेला पाइप असतो. मी एक गाडी अशी जळताना पाहिली आहे, आणि तिचेही पैसे रायडरकडूनच मागितले होते.

आता एक साधी गोष्ट, जी मी गिऱ्हाईकाला पहिली विचारतो. गाडी कधी खराब चालते? थंड असताना की तापल्यावर? फक्त स्लोला, की पळतानाही?

फक्त स्लोला खराब, वर पळताना मस्त, असं असेल तर प्लग, पेट्रोलचा पुरवठा वगैरे बहुधा ठीक आहे. मग हवेची गळती बघा, किंवा कार्बोरेटरचा स्लो जेट. हा जेट सुईच्या भोकाएवढा असतो. नवी गाडी कधीकधी कित्येक महिने यार्डात उभी असते, टाकीत थोडं पेट्रोल असतं, ते सुकून गोंद होतो आणि तो गोंद स्लो जेटमध्ये बसतो. मीटरवर शून्य असलं म्हणून गाडी ताजी असेलच असं नाही. हे साफ करणं पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे, पण ते तुम्ही करू नका. का, ते पुढे सांगतो.

पळतानाही आचके देत असेल तर प्लगची टोपी घट्ट आहे का बघा. प्लग काढता येत असेल तर त्याचं तोंड बघा. बिस्किटाच्या रंगाचं असेल तर बरं. पांढरं फटक असेल तर पेट्रोल कमी पडतंय. काळं, कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त होतंय, एअर फिल्टर चोंदलेला असू शकतो. इथली धूळ तुम्हाला माहीत आहे. एक वाळूचं वादळ गेलं की कोकणात वर्षात भरणार नाही तेवढा फिल्टर इथे दोन दिवसांत भरतो. फिल्टर तेलकट कागदाचा असेल तर हवा मारून साफ करत बसू नये, बदलावा.

थंड असताना ठीक, आणि तासाभराने तापली की स्लोला मरते, परत चालू व्हायला त्रास देते. हे लक्षण आलं की माझं लक्ष टॅपेटकडे जातं. इथे जरा थांबतो, कारण जतच्या पोराची गाडी इथेच अडकली होती.

इंजिनात दोन व्हॉल्व्ह असतात, एक हवा-पेट्रोल आत घ्यायला, एक धूर बाहेर सोडायला. व्हॉल्व्ह बंद असताना त्याच्या टोकावर आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमध्ये कागदाएवढी फट ठेवलेली असते. तीच टॅपेटची फट. किती ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. नवीन इंजिनात पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत थोडा रुततो. रुतला की फट कमी होते. इंजिन तापलं की लोखंड वाढतं, फट अजून कमी होते. शेवटी फटच राहत नाही आणि धुराचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. मग दाब निसटतो, स्लोला इंजिनात दम राहत नाही, पेटलेला वायू पाइपात जाऊन फटाके वाजवतो. असंच चालवत राहिलं तर व्हॉल्व्हची कड जळते, आणि मग खरंच मोठा खर्च.

म्हणून तर पहिली सर्व्हिस असते! ती ५०० ते १,००० किलोमीटरच्या आसपास असते, कंपनीप्रमाणे थोडं पुढेमागे. त्यात तेल बदलतात, टॅपेट बघतात, नट घट्ट करतात. घरी गाडी वापरणाऱ्या माणसाला तिथे पोचायला दोन महिने लागतात. तुम्ही पाच-सहा दिवसांत पोचता. आणि सुपरवायझर म्हणतो, अरे गाडी नवी आहे, पुढच्या महिन्यात बघू. तारखेवर जाऊ नका, मीटरवर जा. सर्व्हिस चुकली की वॉरंटी नाकारतात. वॉरंटी गेली की बिल कंपनीवर येतं. आणि कंपनी ते कोणावर ढकलते, ते तुम्ही मला सांगू नका, मी तुमच्याच खोलीत राहतो.

त्या पोराची गाडी मी पाहिली. सायलेंसरचा एक नट हाताने फिरत होता, म्हणून फटाके. गाडी रात्रभर थंड केली आणि सकाळी टॅपेटला गेज लावून बघितलं. धुराच्या व्हॉल्व्हला फट जवळजवळ नव्हतीच, म्हणून तापल्यावर बंद. ४,१०० किलोमीटर आणि एकही सर्व्हिस नाही. मी काहीच दुरुस्त केलं नाही. व्हिडिओ काढले. नट फिरताना, गेज अडकताना, मीटरचा आकडा दिसेल असा. मग त्याला विचारलं, सर्व्हिसबद्दल तू कधी कोणाला बोलला होतास का? त्याने फोन उघडला. ९०० किलोमीटर झाले त्या दिवशी त्याने सुपरवायझरला व्हॉट्सअॅपवर मीटरचा फोटो टाकून हिंदीत लिहिलं होतं, सर्व्हिस कब करनी है. समोरून अंगठा आला होता. नुसता अंगठा.

तो अंगठा कामाला आला. मंत्रालयात, म्हणजे मोहरेमध्ये, तक्रार केली. कामगार तक्रारीसाठी ८००८४ नंबर आहे, अॅपवरूनही होते. त्यांनी दोन्ही बाजूंना बोलावलं. ५० हजार दिरहमच्या आतल्या तक्रारीत मंत्रालय स्वतःच निर्णय देऊ शकतं, त्यामुळे पहिल्या दिवशीच कोर्टात धावावं लागत नाही. निर्णयाची वेळच आली नाही, तिथे बसल्यावर कंपनीच्या माणसाने ५०० परत देतो म्हटलं. पोरगं तयार झालं, मी असतो तर झालो नसतो. बाकीचे ३५० अजून यायचे आहेत असं तो म्हणतो, मला ते येतील असं वाटत नाही. पण दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या ताफ्यातल्या नव्या गाड्या सर्व्हिसला गेल्या.

आता ते राहिलेलं. स्वतः का करू नका? कारण स्क्रू फिरवल्याची खूण राहते. कार्बोरेटरच्या स्क्रूवर रंगाचा ठिपका असतो, तो तुटला की वॉरंटीवाला म्हणणार, बाहेर हात लावलाय. आणि तिथे मात्र चूक तुमची ठरेल. स्लोचा स्क्रू पिळून रेस वाढवणारे पण मी बघतो. गाडी बंद पडायची थांबते, मूळ बिघाड तसाच राहतो, आणि वर पेट्रोल जास्त जातं. १५० सीसीच्या आसपासच्या बऱ्याच गाड्या तापल्यावर १,४०० आरपीएमच्या जवळपास स्लोला राहतात, तुमच्या पुस्तकात जो आकडा असेल तो धरा. खूपच खाली असेल तर तेही सर्व्हिसवाल्याला सांगून करून घ्या.

इंजेक्शनच्या गाडीत मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा असतो. चावी लावल्यावर पेटतो आणि इंजिन चालू झालं की विझला पाहिजे. तो राहिला किंवा लांब-आखूड असा चमकू लागला तर ती गाडीची भाषा आहे, काही गाड्या त्या चमकण्यातूनच बिघाडाचा नंबर सांगतात. दिव्याचा व्हिडिओ काढा, लगेच, कारण वर्कशॉपमध्ये गेल्यावर तो पुसतात.

आणि वायर बघा. तुमच्या गाड्यांवर ट्रॅकर, मोबाईलचा चार्जर, जादा लाइट, सगळं लावलेलं असतं, आणि कुठल्या वायरीला टोचून लावलंय ते देव जाणे. सिग्नलला उभं असताना बॅटरीला पुरेसं चार्जिंग मिळत नाही, त्यात हे सगळं चालू, की इंजेक्शनची गाडी आचके देते. एकदा सगळं बंद करून बघा. गाडी शांत झाली तर कारण सापडलं. ते सामान कंपनीने लावलं असेल तर ती तुमची चूक कशी?

एकाने मघाशी विचारलं, ९८ चं पेट्रोल भरलं तर फटाके जातील का? नाही. इथे ९१, ९५, ९८ मिळतं. पुस्तकात जेवढं लिहिलंय तेवढं पुरतं, वरचं भरून तुमचेच पैसे जातात. आणि दुसऱ्या एकाने सायलेंसर बदललाय, आवाज भारी येतो म्हणून. बाबा, त्याने मिक्स्चर बिघडतं, फटाके वाढतात, वॉरंटी जाते, पोलीस दंड करतात. त्या गाडीसाठी मी भांडायला येणार नाही, स्पष्ट सांगतो.

गाडी हातात घेताना काय करायचं ते सांगून थांबतो. चारही बाजूंनी व्हिडिओ, मीटरचा आकडा, चालू करून स्लोचा आवाज. मिनिटभराचा पुरे. तो घरी पाठवून ठेवा, बायकोला, भावाला, म्हणजे फोन हरवला तरी राहतो. ५०० किलोमीटरला सर्व्हिसचा मेसेज, हजारला परत. तोंडी सांगितलेलं तोंडातच राहतं. बिघाड दिसला की त्याच दिवशी लिहा, साधं हिंदी चालेल: गाडी रेड सिग्नल पे बंद होती है, चलाना सेफ नहीं है. कामाचं साधन सुरक्षित ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे, आणि तुम्ही कळवलंत हे कागदावर राहतं. अरबी कागद वाचता येत नसेल तर सही करण्याआधी फोटो काढून कोणाला तरी वाचायला द्या. कोरा कागद पुढे आला तर सही नाही म्हणजे नाही. पासपोर्ट कोणी ठेवून घेतला असेल तर तेही चुकीचं आहे, मालकाला ती परवानगी नाही. भाषेची अडचण आली तर दुबईत भारत सरकारचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, ८००४६३४२ हा नंबर, फुकट लागतो, हिंदीत बोलतात.

बाकी गियर, क्लच, चेन हे पुढच्या वेळी.

खाली कोणाची गाडी फटाके मारते म्हणालात? तुमची का दादा? किती वाजता बंद केलीत? मग आता थंड झाली असेल. टॉर्च घ्या कोणीतरी, आणि एका बाटलीत साबणाचं पाणी. चला, नट बघू.